मेलेले जिवाणू जिवंत म्हणून विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : माशांच्या खाद्यात मिसळायची प्रोबायोटिक (उपयुक्त जिवंत जिवाणूंची) पावडर, बॅचचा तपासणी अहवाल न देणे आणि फोनवर केलेला अपमान.

आज सकाळी तुमच्या ग्राहक सेवेशी बोलणं झालं. यापुढे मी फोन करणार नाही, म्हणून लेखी कळवतो.

मी चोपडा तालुक्यातला शेतकरी. अस्तरीकरण केलेल्या शेततळ्यात पंगस आणि थोडा रोहू पाळतो. तुमची पावडर मे महिन्यात घेतली. पिशवीवर बॅसिलस आणि लॅक्टोबॅसिलस अशी जिवाणूंची दोन नावं आहेत, प्रति ग्रॅम कोट्यवधी जिवंत जिवाणूंचा आकडा आहे आणि '२५ अंशांखाली साठवा' अशी सूचना आहे. हा माल जळगावला ट्रान्सपोर्टच्या पत्र्याच्या गोदामात पडून होता. मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ पर्यंत जातो, हे साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पत्र्याखाली किती होत असेल, त्याचा हिशेब तुम्हीच करा.

बॅसिलस बीजाणू धरतो, म्हणजे टणक कवचात सुप्त राहतो, त्यामुळे तो उष्णता बराच काळ सोसतो. लॅक्टोबॅसिलस बीजाणू धरत नाही, तो अशा उन्हात टिकत नाही. हे मी तुम्हाला शिकवायला नको, माल तुमचा आहे. मग पिशवीवरचा आकडा नेमका कुठल्या दिवसाचा? कारखान्यातून निघाला त्या दिवसाचा, की माझ्या हातात पडला त्या दिवसाचा? यात बॅसिलस किती आणि लॅक्टोबॅसिलस किती? पिशवीवर काहीच लिहिलेलं नाही.

पिशवी फोडली तर आत पावडरीचे खडे झालेले, बोटांनी दाबूनही फुटेनात. उत्पादनाच्या तारखेवर स्टिकर होतं. नखाने खरवडलं तर खाली आधीची तारीख निघाली. फोटो सोबत जोडले आहेत. तीच बॅच बदलून द्या म्हटलं, तर विक्रेता म्हणाला कंपनीला विचारा. कंपनी म्हणते विक्रेत्याला विचारा.

तुम्ही विचाराल ते आधीच सांगतो. मात्रा तुमच्या पत्रकाप्रमाणे, किलोभर खाद्याला ५ ग्रॅम. गुळाचं पाणी गार करून त्यात पावडर कालवली, तरंगत्या खाद्यावर शिंपडली, सावलीत सुकवली आणि त्याच दिवशी टाकली. तळ्यात ब्लीचिंग नाही, पोटॅशियम परमँगनेट नाही, अँटिबायोटिक नाही. पहाटे ऑक्सिजन उतरतो म्हणून एअरेटर रात्रभर चालू. अमोनिया आणि सामू किटवर तपासलेला, वहीत लिहिलेला. एवढं करून जाळं टाकलं तर मासा हाताला हलका लागला, वाढ शेजारच्या तळ्याइतकीच. तिथे तुमची पावडर पडलेली नाही. काहींच्या कल्ल्यांखाली लाल चट्टेही आले. रोगप्रतिकारशक्तीची हमी पिशवीवर मोठ्या अक्षरांत आहे.

आता आजचा फोन. तो जसाच्या तसा लिहितो, कारण तुमच्या वरच्या साहेबांपर्यंत तो जाणार नाही. बराच वेळ गाणं ऐकवल्यावर एक मुलगा बोलला. मी बॅच नंबर सांगितला आणि जिवाणूंच्या मोजणीचा अहवाल मागितला. तो म्हणाला, "काका, जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत, मग मेले हे तुम्हाला कसं कळलं?" मी म्हणालो, दिसत नाहीत तर पिशवीवर आकडा छापताना तुम्ही कसे मोजले? ज्याने मोजले त्याचा कागद द्या. तो गप्प. मग म्हणतो, "तुम्ही उकळत्या पाण्यात तर टाकली नाही ना?" मी पुन्हा सगळी पद्धत सांगितली. मग म्हणतो, "आमचं लिक्विड घ्या, त्यावर स्कीम चालू आहे." मी पुन्हा अहवाल मागितला. त्यावर जे बोलला ते नीट वाचा : "काका, तुमच्या खान्देशात ऊन फार, तिकडे रिझल्ट कमीच येतो." आणि फोन ठेवला.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं! ऊन फार म्हणून पावडर चालत नाही हे तुमच्या फोनवरच्या मुलालाही ठाऊक आहे, आणि तरी भर मे महिन्यात तोच माल साध्या ट्रकने खान्देशात पाठवता, पूर्ण किंमत घेता? ऊन आमचं, पैसे आमचे, मासा आमचा, आणि दोषही आमचाच?

मी ही पावडर अँटिबायोटिक टाळायला घेतली होती. माझा मासा भुसावळच्या बाजारात जातो, लेकराबाळांच्या ताटात जातो. औषधाचा अंश त्यात नको, हा माझा हट्ट आहे. तुमच्या नावावर विश्वास होता म्हणून आमच्या भागातल्या इतर तळेवाल्यांनाही मीच हे सांगितलं होतं. आता त्यांना खरं काय ते सांगेन, आणि हा फोनही सांगेन.

मला हवं ते स्पष्ट आहे. या बॅचचा जिवाणू मोजणीचा अहवाल, तारखेवर तारीख का चिकटवली याचं लेखी उत्तर, आणि पावडरीची पूर्ण रक्कम परत. अहवाल मी आधीही मागितला होता, पुन्हा मागतो. पंधरा दिवसांत आला नाही, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि स्वतः राबून पोट भरणाऱ्याचा धंदा 'व्यापारी हेतू' धरला जात नाही, म्हणजे मी ग्राहकच ठरतो. तुमच्या वकिलाला विचारून घ्या. उरलेल्या पिशव्या सील करून ठेवल्या आहेत, तपासणीला देईन.

उत्तर लेखी द्या. फोन करू नका.

चोपडा तालुक्यातील एक मत्स्यपालक
(बिल, पिशवीचे आणि तारखेचे फोटो, वहीची पानं सोबत)