लीजच्या गाडीचा खरा हिशोब सहीच्या आधी द्या

मा. संपादक, नमस्कार,

गेल्या महिन्यात लीजवरची, म्हणजे ठराविक महिन्यांसाठी भाड्याने घेतलेली, गाडी परत केली. कंपनीचा माणूस आला, हातात एक प्लास्टिकचं कार्ड, ते दारावरच्या ओरखड्याला लावून बघितलं, ओरखडा कार्डापेक्षा जरासा लांब निघाला म्हणून लगेच चार्ज. मी म्हटलं हा नियम कुठे लिहिलाय, तर म्हणे ॲग्रीमेंटमध्ये आहे की साहेब. घरी येऊन शोधलं तर खरंच होता, मागच्या एका पानावर, बारीक अक्षरात. वर गाडी परत घेण्याचा पण वेगळा चार्ज! अहो परत द्यायची म्हणूनच तर लीजवर घेतलेली ना.

सही करताना मी फक्त महिन्याचा हप्ता बघितला, चूक माझीच, पण तिथे दुसऱ्या कशावर कुणी बोलतच नाही. खरं तर हिशोब अवघड नाहीये. समजा गाडीची किंमत 100 धरली आणि 36 महिन्यांनी ती 60 ची राहील असं कंपनीने ठरवलं, तर मधले 40 आपण भरायचे आणि वर व्याज. खरी गंमत व्याजातच आहे. काही लीजमध्ये ते टक्क्यात देतच नाहीत, 'मनी फॅक्टर' म्हणून 0.0025 असला आकडा असतो, बघून वाटतं हे काय, काहीच नाही. त्याला 2400 ने गुणा, वर्षाला 6 टक्के येतात! आणि दर महिन्याला तो 0.0025 चा आकडा 100 अधिक 60 अशा 160 वर लावतात, म्हणजे 36 महिन्यांत 14.40 नुसतं व्याज. टोटल 54.40 भरले आणि गाडी त्यांचीच. टॅक्स, इन्शुरन्स, जास्तीच्या किलोमीटरचे पैसे ते वेगळेच. आणि सुरुवातीची किंमत घासाघीस करून कमी करता येते हे तर बऱ्याच जणांना माहीतच नसतं, तिथे कुणी गुपचूप 100 चे 105 केले तर तो फरक अख्खा आपल्या हप्त्यात येतो.

अमेरिकेत 1976 पासून यासाठी वेगळा कायदा आहे, एकूण किती भरायचं, मध्येच लीज सोडली तर काय, झीज कशी मोजणार, हे सगळं आधी लेखी द्यावं लागतं. पण व्याजाचा दर सांगायची सक्ती तिथेही नाही, हे वाचून मी चाटच पडलो.

माझं म्हणणं इतकंच की धरलेली किंमत, शेवटची किंमत, टक्क्यात व्याज, मध्येच सोडण्याचा दंड आणि परत देतानाचे सगळे चार्ज पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात छापायची सक्ती करा, अर्धं पान पुरेल. आणि ते कार्ड पण गाडीच्या चावीबरोबरच देऊन टाका. मला आधी मिळालं असतं तर ओरखडा मी बाहेरूनच काढून घेतला असता.

– एक वाचक