पासवर्डमध्ये चिन्हांपेक्षा लांबी महत्त्वाची

मा. संपादक,

‘किमान आठ अक्षरे, एक मोठे अक्षर, एक अंक, एक चिन्ह’ हा नियम बहुतेक ऑनलाइन फॉर्मवर असतो. मग जळगावचा माणूस गावाचे नाव, @ आणि 425001 हा पिनकोड टाकून मोकळा होतो. नियम पाळला जातो, पण खाते उघडेच राहते.

तीन-चार चुकांनंतर खाते लॉक होते, या भरवशावर राहू नये. संकेतस्थळाचा पासवर्डांचा साठा चोरीला गेला की चोराला लॉगिन पानाची गरजच उरत नाही. साठ्यात पासवर्डचा हॅश असतो, म्हणजे गणिती सूत्राने केलेले, उलट फिरवून मूळ पासवर्ड काढता न येणारे रूप. म्हणून चोर एकेका संभाव्य पासवर्डचा हॅश काढून तो साठ्यातल्या हॅशशी आपल्याच संगणकावर जुळवत बसतो. एमडी5सारखा जुना हॅश असेल तर आजचे एक ताकदवान ग्राफिक्स कार्ड सेकंदाला 10 हजार कोटी शक्यता सहज तपासते. या वेगाने आठ छोटी इंग्रजी अक्षरे दोन सेकंदांत संपतात. कीबोर्डवरची सगळी 95 अक्षरे-चिन्हे घेऊन आठ जागा भरल्या तरी साडेअठरा तास. नुसती छोटी अक्षरे, पण 12 घेतली, तर 11 दिवस आणि 16 घेतली तर 13 हजार वर्षांहून अधिक! प्रत्येक वाढीव अक्षर काम 26 पट करते.

मात्र हा हिशेब अक्षरे यदृच्छेने निवडली असतील तरच खरा. एमएच 19 ने सुरू होणारा गाडीचा नंबर दहा अक्षरी दिसतो. पुढची दोन अक्षरे आणि चार अंक मिळून शक्यता फक्त 67 लाख 60 हजार. मोबाइल नंबरही तसाच, क्षणात सापडणारा.

लक्षात राहील असा लांब पासवर्ड हवा असेल तर प्रत्येक शब्दापुढे फाशाचे पाच आकडे दिलेली 7,776 शब्दांची यादी घ्या, पाच वेळा फासा टाकून त्या आकड्यांपुढचा एक शब्द काढा आणि असे सहा शब्द जोडा. शब्द मनाने निवडू नका. केळी, कापूस, तापी हेच आधी सुचतात. कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवला तरी चालेल, पण तोच पासवर्ड दुसरीकडे वापरू नका.

पतसंस्था आणि शाळांची सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना कळकळीची विनंती : 64 अक्षरांपर्यंत पासवर्ड स्वीकारा, तो पेस्ट करू द्या आणि साठवताना बीक्रिप्ट किंवा आर्गॉन2 असा मुद्दाम संथ हॅश वापरा.

– एक संगणक शिक्षक, भुसावळ