क्रँक सेन्सरचा दोष असताना फ्युएल पंप बदलल्याबद्दल आणि ईसीयू बदलण्याचा सल्ला दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय.

विषय : आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने केलेले चुकीचे निदान आणि त्यापोटी घेतलेल्या रकमेचा परतावा मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीची पेट्रोल गाडी मी वापरते आणि वॉरंटी संपल्यानंतरही तिची सर्व सर्व्हिसिंग आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच करून घेत आले आहे. या सेंटरने दोषाचे निदान न करताच माझ्या गाडीचा फ्युएल पंप बदलला, दोष तसाच राहिल्यावर ईसीयू (इंजिनचे नियंत्रण करणारा संगणक) बदलण्याचे इस्टिमेट हातात ठेवले, आणि मूळ दोष दाखवणारा फॉल्ट कोड स्वतःच्या स्कॅनरवर दिसत असूनही मला सांगितला नाही, याविषयी ही लेखी तक्रार करीत आहे.

गाडी थंड असताना बिनतक्रार चालत असे. मात्र इंजिन चांगले तापले, विशेषतः लांब चढ लागला, की ती काहीही पूर्वसूचना न देता बंद पडे. मिसिंग नाही, आचके नाहीत, चावी फिरवून बंद करावी तशी एकदम बंद. त्या क्षणी गाडी गिअरमध्येच असल्यामुळे चाकांच्या जोरावर इंजिन अजून फिरत असे, तरीही आरपीएमचा काटा सरळ शून्यावर पडे. त्यानंतर सेल्फ मारला तर इंजिन नेहमीच्या जोमाने फिरे, पण काटा जागचा हलत नसे आणि गाडी चालू होत नसे. बॉनेट उघडून थोडा वेळ थांबले, की काही झालेच नव्हते अशा थाटात पहिल्याच सेल्फला चालू. हे सगळे मी सर्व्हिस ॲडव्हायझरना सविस्तर सांगितले आणि काट्याची बाब जॉब कार्डवर लिहून घ्या असा आग्रह धरला. त्यावर, "मॅडम, काटा हा मीटरचा प्रश्न आहे, तो नंतर बघू," असे उत्तर मिळाले, आणि जॉब कार्डवर "गाडी मधूनच बंद पडते" एवढेच चार शब्द उमटले.

मी एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन विभागात नोकरी करते. आमच्या टर्बाइनचा वेग मोजण्यासाठी दातेरी चाकासमोर मॅग्नेटिक पिकअप, म्हणजे समोरून जाणारा प्रत्येक दात टिपणारा चुंबकीय सेन्सर, बसवलेला असतो आणि माझ्या गाडीतला क्रँक सेन्सर त्याच तत्त्वावर चालतो. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत या सेन्सरसमोरच्या दातेरी चाकावर साठ दातांच्या जागेपैकी दोन दात मुद्दाम वगळलेले असतात. त्या मोकळ्या जागेवरून क्रँकशाफ्ट (इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा) नेमका कुठे आहे हे ईसीयूला कळते आणि त्यावरून स्पार्क व इंजेक्शनची वेळ ठरते. हा सिग्नल तुटला, की ईसीयूच्या लेखी इंजिन थांबलेले असते, मग ते प्रत्यक्षात कितीही फिरत असो. म्हणून काटा मीटरचा प्रश्न नव्हता, तर गाडी स्वतःच आपला आजार बोटाने दाखवत होती.

आपल्या तंत्रज्ञांनी मात्र बंद पडलेल्या अवस्थेत सेल्फ मारून पाहिले, तेव्हा पेट्रोलचा दाब आला नाही म्हणून पंप खराब ठरवला. या निष्कर्षातील चूक मी सविस्तर मांडू इच्छिते, कारण बिलातील सर्वांत मोठी रक्कम तिच्यावरच उभी आहे. चावी ऑन केल्यावर ईसीयू पंपाला दोनएक सेकंद चालवून लाइनमध्ये दाब तयार करतो आणि त्यानंतर क्रँकचा सिग्नल येत राहिला तरच पंपाचा रिले (त्याला वीज देणारा स्विच) चालू ठेवतो. अपघातात इंजिन बंद पडल्यावर पेट्रोल वाहत राहू नये, हा त्यामागील हेतू. साहजिकच, सेन्सर गेला की पंपही थांबणार. पंप थांबणे हा येथे परिणाम होता, कारण नव्हते. गाडी बंद पडलेली असतानाही चावी ऑन करताच मागच्या सीटखालून पंपाची घरघर मला स्पष्ट ऐकू येत असे आणि तेही मी सांगितले होते. पंपाला थेट बॅटरीचा पुरवठा देऊन दाब मोजला असता तरी शंका मिटली असती. शेवटी व्हायचे तेच झाले : रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

नवा पंप बसवल्यानंतर चिपळूणहून परतताना कुंभार्ली घाटाच्या चढावर गाडी पुन्हा तशीच बंद पडली. इंजिन बंद होताच स्टिअरिंग जड होते आणि एकदोनदा दाबल्यानंतर ब्रेकचा पेडलही दगडासारखा होतो. मागे भरलेला ट्रक असताना त्या वळणावर याचा अर्थ काय होतो, हे वाहन बनवणाऱ्या कंपनीला मी सांगण्याची गरज नसावी. गाडी टोइंग करून सेंटरला नेली असता "आता ईसीयूच बदलावा लागेल" असे सांगण्यात आले. कोणत्या तपासणीवरून, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. मी गाडी परत घेतली.

पुढे कराडमधील एका ऑटो इलेक्ट्रिशियनने जे केले, ते आपल्या सेंटरने पहिल्याच दिवशी करणे अपेक्षित होते. त्यांनी स्कॅनर लावून सेल्फ मारताना आरपीएमचे लाइव्ह रीडिंग पाहिले. सेन्सरपासून ईसीयूपर्यंतच्या दोन्ही वायरींची कंटिन्यूइटी, म्हणजे त्या कुठे तुटलेल्या नाहीत ना, हे तपासले, कनेक्टर हलवून पाहिला, पिना स्वच्छ असल्याची खात्री केली. थंड सेन्सरच्या कॉइलचा रोध मीटरवर सुमारे ८७० ओहम आला, म्हणजे दोष काहीच नाही. मग इंजिन चालू ठेवून त्यांनी सेन्सरवर हॉट एअर गनचा झोत धरला. थोड्याच वेळात इंजिन बंद पडले आणि मीटरवर सर्किट पूर्ण ओपन, म्हणजे तुटलेले, दिसू लागले. सेन्सर निवू लागल्यावर आकडा पुन्हा हजर. आतली बारीक तार उष्णतेने प्रसरण पावली की तुटक होत होती. एक बोल्ट काढून जुना सेन्सर बाहेर, नवी ओ-रिंग लावून आपल्याच कंपनीचा नवा सेन्सर आत, एवढेच काम. सेन्सर आणि मजुरी मिळून झालेला खर्च पंपाच्या बिलाच्या पाव भागाहूनही कमी आहे. त्यानंतर तोच घाट गाडीने एसी चालू ठेवून विनासायास चढला आहे.

सर्वांत आक्षेपार्ह बाब पुढेच आहे. पहिल्या बिलाला चुकून जोडल्या गेलेल्या स्कॅनरच्या प्रिंटवर पी०३३५, म्हणजे क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरच्या सर्किटचा कोड, स्पष्ट नोंदलेला आहे आणि त्याच्या फ्रीझ फ्रेममध्ये (दोष आला त्या क्षणी ईसीयूने टिपलेल्या नोंदीत) कूलंटचे तापमान १०१ अंश आहे. हा कोड मला न सांगता पुसून टाकण्यात आला. मी ईमेलवरून विचारणा केली असता, "सदर कोड हिस्ट्रीमधील होता, चालू नव्हता, त्यामुळे विचारात घेतला नाही" असा खुलासा आला. मधूनमधून येणारा दोष गाडी थंड होऊन वर्कशॉपमध्ये पोहोचेपर्यंत हिस्ट्रीतच जाणार. तो तिथे जपून ठेवता यावा यासाठीच तर ईसीयूला ती सोय दिलेली आहे. कोड आला म्हणजे सेन्सरच खराब असे मी म्हणत नाही, वायरिंग किंवा कनेक्टरही असू शकतो. पण तपासणी तिथून सुरू व्हायला हवी होती.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील कलम २(११) नुसार ग्राहकापासून संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडवणे हीदेखील सेवेतील त्रुटी ठरते. त्यामुळे फ्युएल पंपाची किंमत, त्याची मजुरी आणि टोइंगचा खर्च मला परत मिळावा. माझा जुना पंप मागूनही देण्यात आलेला नाही. तो मिळावा, किंवा त्याची विल्हेवाट कोणाच्या परवानगीने लावली हे लेखी कळवावे. तसेच ईसीयूचे इस्टिमेट कोणत्या चाचणीच्या आधारे दिले, याचा तांत्रिक खुलासा नोंदींसह द्यावा. गुडविल म्हणून पुढच्या सर्व्हिसिंगवर सवलत देण्याचा आपल्या प्रतिनिधींनी फोनवर मांडलेला प्रस्ताव मला मान्य नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवीन आणि सातारा येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. जॉब कार्ड, दोन्ही बिले, स्कॅनरची प्रिंट, ईसीयूचे इस्टिमेट आणि ईमेलवरील खुलासा यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. काढलेला सेन्सर माझ्याकडे सीलबंद ठेवलेला असून आपल्या तंत्रज्ञांना तो माझ्या उपस्थितीत तापवून तपासता येईल.

आपली विश्वासू,
वाहनमालक, कराड