बोलेरो बदला, पण तिचे काम ओळखून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महिंद्राच्या बोलेरोच्या जागी येणारी नवी गाडी कशी असेल, यावर आपल्या पुरवणीत आलेला मजकूर गॅरेजमधल्या पोरांनी मला वाचून दाखवला. मग मी चष्मा लावून पुन्हा स्वतः वाचला. चित्रे सुरेख होती. डॅशबोर्डवरचा पडदा केवढा, दिवे कसे, छताला काच असेल का, हे सगळे होते. पण मागे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, राहणार की जाणार, चेसिस, म्हणजे बॉडीखालचा लोखंडी सांगाडा, वेगळी राहणार की नाही, जोर पुढच्या चाकांना मिळणार की मागच्या, यावर एक ओळ नव्हती. आमच्याकडे गाडी घेताना माणूस आधी हेच विचारतो. म्हणून हे पत्र.

माझे गॅरेज राजूरला, अकोले तालुक्यात. 1987 मध्ये घोटीला एका उस्तादांच्या हाताखाली पाना धरला, 1994 मध्ये राजूरला स्वतःची टपरी टाकली. माझ्याकडे येणाऱ्या गाड्या शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर, कुमशेत, पाचनई या बाजूच्या. पावसाळ्यात इकडे डांबर किती उरते ते भंडारदऱ्याला पाऊस बघायला येणाऱ्या कोणालाही माहीत आहे. एसटी जिथे वळते त्याच्या पुढे जी गाडी जाते, ती जीप. लोक बोलेरोलाही जीपच म्हणतात. बाजाराला जाणारी माणसे, खताची पोती, शेळ्या, शाळेची पोरे, आणि रात्री-अपरात्री आजारी माणूस, सगळे तिच्यातूनच.

2005 च्या जुलैतली गोष्ट सांगतो. साम्रदहून एका बाळंतिणीला राजूरच्या ग्रामीण रुग्णालयात आणत होते. गाडीत माणसे जास्त, रस्ता वाहून गेलेला. एका चरात मागचे चाक आदळले आणि मेन पाटाच तुटला. हाउसिंग, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला आडवा आस, मागे सरकले, चाक मडगार्डला घासू लागले. ड्रायव्हर आणि बरोबरच्या माणसांनी ऐनाचे लाकूड तोडले, चेसिस आणि हाउसिंगच्या मधे पाचर म्हणून ठोकले, बैलगाडीच्या नाड्याने करकचून आवळले आणि माणसाच्या चालीने गाडी राजूरला आणली. बाई सुखरूप बाळंत झाली. तो मुलगा आज माझ्याच गॅरेजसमोरून मोटारसायकल घेऊन जातो. मी जुन्या गाडीचा पाटा काढून दुपारपर्यंत बसवला आणि संध्याकाळी जीप परत लाइनवर होती.

दुसरी गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. गाडी कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही, कारण वायर उंदराने खाल्ली होती. कुमशेतला रात्रभर उभी असलेली नवी गाडी सकाळी सुरू झाली, पण रेसच घेईना. मी बोनेट उघडले, वायर सापडली, जोडली, टेप मारली. काम दहा मिनिटांचे. तरी गाडी तशीच रांगत राहिली, कारण तिच्या कॉम्प्युटरमधला बिघाड पुसायला जे यंत्र लागते ते फक्त सर्व्हिस सेंटरकडे. माझ्याकडचे साधे स्कॅनर तिथपर्यंत पोहोचत नव्हते. टोचन करून गाडी नेली. येणे-जाणे आणि नंबर लागणे यात तीन दिवस गेले. गाडीच्या हप्त्यावर घर चालवणाऱ्याचे बाजाराचे तीन दिवस म्हणजे काय, ते त्याला विचारा.

या दोन गोष्टींच्या मधेच नव्या बोलेरोचा सगळा प्रश्न आहे असे मला वाटते.

बोलेरो 2000 साली आली. तिच्या मागे मोठे घराणे आहे. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने विलिसच्या जीपा जोडायला घेतल्या, पुढे सीजे 3बी वर्षानुवर्षे बनवली, मग एमएम 540, कमांडर, मार्शल, आर्मडा. प्यूजोच्या परवान्यावरचे डिझेल इंजिन त्या काळात आले. मी शिकलो ते त्याच्यावर. डिझेल संपून लाइनीत हवा शिरली तर हाताच्या पंपाने हवा काढायची आणि पुन्हा सेल मारायचा, हे तेव्हा ड्रायव्हरलाही येत असे. 2016 मध्ये बोलेरो पॉवर प्लस आली, तेव्हा अडीच लिटरचे इंजिन जाऊन दीड लिटरचे तीन सिलिंडरवाले आले आणि गाडी चार मीटरच्या आत बसवली, कारण छोट्या गाडीला कर कमी. आमच्याकडे तेव्हा पुष्कळ कुरकुर झाली. मीही केली. पण ते इंजिन चांगले निघाले, हे मला मान्य करायला हवे. चेसिस, मागची चाके ओढणारी रचना आणि मागचे पाटे तसेच ठेवले होते, म्हणून ते चालून गेले. 2021 मध्ये टीयूव्ही 300 लाच बोलेरो निओ असे नाव देऊन विकायला काढले. नाव बोलेरोचे असूनही आमच्या भागातले लोक जुन्या चौकोनी गाडीचीच चौकशी करत राहिले, आणि कंपनीनेही ती बंद केली नाही.

आता 15 ऑगस्ट 2025 ला महिंद्राने मुंबईत व्हिजन मालिकेतले चार नमुने दाखवले. ते सगळे एका नव्या पायावर आहेत, ज्यात वेगळी चेसिस नाही, बॉडी आणि सांगाडा एकच, ज्याला मोनोकॉक म्हणतात. त्यावर पुढची चाके ओढणारी गाडी बनवता येते आणि चारही चाके ओढणारीही. त्यातलीच एक बोलेरोची जागा घेईल, अशी चर्चा तेव्हापासून गाडीवाल्यांत आहे.

मोनोकॉक म्हणजे कमजोर, असे मी म्हणत नाही. लँड रोव्हर डिफेंडरचे उदाहरण आहे. 1948 मध्ये शेतकऱ्याची गाडी म्हणून सुरू झालेले ते घराणे, 2008 पासून टाटांच्या मालकीच्या कंपनीचे. जुनी डिफेंडर जानेवारी 2016 मध्ये बंद झाली, 2019 मध्ये नवी दाखवली ती मोनोकॉकवर, आणि डोंगरात ती कुठेही कमी पडत नाही. पण तिची किंमत आपल्याकडे कोटीच्या घरात. ज्या शेतकऱ्यासाठी ती मुळात काढली होती, त्याच्या खिशातून ती कायमची गेली. थारचेही काहीसे तेच झाले. 2010 ची थार मागे पाटे आणि समोरासमोर बाके असलेली कामाची गाडी होती. 2020 मध्ये नवी आली तेव्हा सुरुवातीला बाकांचा साधा प्रकार होता, तो थोड्याच काळात बंद केला. आज थार दिसते ती रविवारी, पुण्या-मुंबईहून आलेली. त्या लोकांबद्दल माझी तक्रार नाही, त्यांची पंक्चर मीच काढतो. पण घाटघरच्या माणसाने थार घेतल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

टोयोटाने वेगळे केले. माझा पुतण्या मस्कतला वर्कशॉपमध्ये आहे, तो तिकडच्या लँड क्रूझर 70 चे फोटो पाठवतो. ती गाडी 1984 पासून चालू आहे. आरामाची गाडी हवी असणाऱ्यांसाठी तिच्यातूनच फांदी काढून प्राडो वाढवली, आणि कामाची 70 वेगळी ठेवली. इंजिन बदलले, सुरक्षितता वाढवली, पण चेसिस आणि मागचे पाटे ठेवले. महिंद्राने हाच मार्ग धरावा, एवढे माझे मागणे आहे. शहरासाठी मोनोकॉकवरची सुंदर गाडी खुशाल काढा आणि तिला बोलेरो म्हणायचे तर म्हणा. पण तिच्या शेजारी चेसिसवाली कामाची गाडी उभी ठेवा.

पाट्याचा आग्रह मी सवयीने धरत नाही. माणसे आणि पोती मागे भरली आणि चढ लागला की वजन मागच्या चाकांवर जाते. जोर पुढच्या चाकांना असेल तर ती हलकी होऊन चिखलात जागेवर फिरतात. मागच्या चाकांना जोर असेल तर तेच वजन त्यांना जमिनीवर दाबून धरते. पाटा तुटला तर एक पाटा बदलतो. चेसिसला तडा गेला तर राजूरला वेल्डिंग होते, मोनोकॉकची बॉडी पिळली तर ती सरळ करायचे बाकडे आमच्या तालुक्यात कोणाकडे नाही. शिवाय सध्याच्या साध्या बोलेरोत जोर मागच्या दोन चाकांनाच आहे. बोलेरो कॅम्पर या पिकअपला 4x4, म्हणजे चारही चाकांना जोर, देता येतो तर प्रवासी गाडीच्या सगळ्यात स्वस्त प्रकारालाही द्या, हाताने टाकायच्या लिव्हरसकट. जुलैत साम्रदच्या माणसाला पडद्यापेक्षा ती लिव्हर जास्त लागते.

आणखी एक, ज्यावर कोणी लिहीत नाही. धुराच्या नव्या नियमांतल्या, म्हणजे बीएस 6 डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळून जायला सायलेन्सर चांगला तापावा लागतो, म्हणजे गाडी काही वेळ सलग वेगात पळावी लागते. आमची गाडी दिवसभर दुसऱ्या गिअरमध्ये, दर वाडीला थांबत. तिला हायवे मिळणार कधी? दिवा लागतो, ड्रायव्हर दुर्लक्ष करतो आणि फिल्टर चोंदतो. हवा स्वच्छ राहावी हे मलाही पटते, माझ्या पोरांनी आयुष्यभर धूर गिळावा असे मला वाटत नाही. पण उभ्या गाडीत ती काजळी जाळायचे बटण डॅशबोर्डवरच द्या, फिल्टर खोलायला सोपा ठेवा, आणि बिघाड वाचायचे-पुसायचे यंत्र माझ्यासारख्या छोट्या गॅरेजवाल्याला वाजवी किमतीत विकत मिळू द्या. शिकवायला माणूस पाठवायची गरज नाही, नाशिकच्या कारखान्यात आठ दिवस बोलवा, आम्ही स्वखर्चाने येतो.

जुन्या जीपा होत्या तशाच परत आणा, असे माझे म्हणणे नाही, हे स्पष्ट लिहितो. समोरासमोरच्या बाकावर पट्ट्याविना बसलेली माणसे अपघातानंतर मी उचलली आहेत, माझ्या हातांनी. ज्या गाडीचा पाटा बांधून बाळंतीण आणली, तीच गाडी पुढे दरीकडेला कलंडली असती तर आत कोणालाच आधार नव्हता. म्हणून एअरबॅगा हव्यात, जोरात ब्रेक मारला तरी चाके जाम होऊ न देणारे एबीएस हवे, मागच्या सगळ्या जागा पुढे तोंड करून आणि प्रत्येक जागेला पट्टा हवा. त्यासाठी चार पैसे जास्त पडले तर लोक देतील. सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या आणि दीड लिटरपर्यंतच्या डिझेल गाडीचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा त्या मापात राहून हे करायला वाव आहे. बचत करायचीच तर पडद्यात करा. मोबाइल प्रत्येक ड्रायव्हरकडे असतोच. बंपर लोखंडी आणि सपाट द्या, हेडलाइट असा द्या की एका बाजूची काच फुटली तर तेवढीच बदलता येईल.

नमुना तयार झाला की चाचणीला लडाख किंवा राजस्थानला नेतील तेव्हा नेवोत, पण त्याआधी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तो राजूरला आणावा. दहा माणसे आणि चार पोती घालून शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर असा धरणाला वळसा घालू. पुढच्या सीटवर कंपनीचा इंजिनिअर बसू दे, मागे मी बसतो. पाने, टॉमी आणि नाडा माझा असेल.

आपला,
एक गॅरेजवाला वाचक,
राजूर, ता. अकोले, जि. अहिल्यानगर