लीथमधील कवायतीचा हॉल

लीथ, एडिनबरो

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मी शनिवारी चित्रकलेच्या वर्गाला जाते ती इमारत पूर्वी पलटणीची होती, एवढेच फोनवर बोलले आणि तुम्ही लगेच विचारलेत, "कोणती पलटण?" नीट माहिती घेऊनच लिहावे म्हणून उत्तराला उशीर झाला.

पलटण सातवी रॉयल स्कॉट्स. १८५९ मध्ये फ्रान्सच्या स्वारीच्या धास्तीने या देशात स्वयंसेवकांच्या पलटणी उभ्या राहिल्या आणि १९०८ मध्ये त्यांची टेरिटोरियल फोर्स, म्हणजे नोकरी-धंदा सांभाळून सैनिकी शिक्षण घेणाऱ्यांचे दल, झाली. दिवसभर काम करणारी माणसे संध्याकाळी कवायतीला येत, आणि हिवाळ्यात येथे चारच्या आधीच अंधारून येत असल्याने कवायतीला छप्पर लागे. म्हणून वस्त्यावस्त्यांत असे हॉल बांधले गेले. डालमेनी स्ट्रीटवरचा हा हॉल १९०१ च्या सुमाराचा. उंच छप्पर लोखंडी कैच्यांवर तोललेले आहे आणि खाली शे-दोनशे माणसे सहज रांगेत उभी राहतील एवढी मोकळी जागा आहे. आपल्याकडचा मुलगा भरती झाला की घर सोडून दूर पलटणीत जातो. येथे पलटणच गल्लीत होती.

म्हणूनच २२ मे १९१५ चा घाव एवढा खोल गेला. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या आघाडीवर निघालेल्या या पलटणीच्या सुमारे ५०० जवानांची गाडी सकाळी स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरच्या क्विंटिन्सहिलजवळ, रुळावर उभ्या असलेल्या लोकल गाडीवर आदळली; सिग्नलवाल्यांना त्या लोकलचा विसर पडला होता. मिनिटाभरातच समोरून आलेली एक्स्प्रेस त्या ढिगाऱ्यात घुसली. डबे लाकडी, दिवे गॅसचे, आग आवरेना. दोनशेहून अधिक जवान शत्रूचे तोंडही न पाहता गेले आणि दुपारच्या हजेरीला जेमतेम साठ-पासष्ट जण उभे राहिले.

आबा, त्यांच्या शवपेट्या याच हॉलमध्ये आणून ठेवल्या होत्या. ज्या फरशीवर त्यांनी पावले जुळवायला शिकली, तिच्यावरच त्या मांडल्या गेल्या आणि २४ मे रोजी जवळच्या रोझबँक दफनभूमीत त्यांना एकत्र पुरले. अनेकांची तर ओळखही पटली नव्हती. हे वाचल्यापासून वर्गात शिरताना माझी पावले दाराशी थोडी थांबतात.

आता तेथे चित्रकारांच्या खोल्या आहेत, उपाहारगृह आहे, महिन्यातून एकदा जुना बाजार भरतो. इमारत पाडली नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

वर्गातल्या एका वृद्ध बाईंना मी आपल्या साताऱ्याकडच्या अपशिंग्याविषयी सांगितले, की पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला आणि गाव केवढे, असे विचारले. अपशिंग्याच्या स्मारकाचा फोटो त्यांना दाखवायचा आहे. दादाला सवड मिळाली की सकाळच्या उजेडात काढून पाठवायला सांगावे. तुम्हीही त्याच्याबरोबर जावे, आणि शेजारी उभे राहावे.

आजीस साष्टांग नमस्कार.

आपली नात