सिगारेट दिसते, खोकी दिसत नाहीत: अर्थमंत्र्यांना देवरीहून पत्र

मा. केंद्रीय अर्थमंत्री,
सविनय नमस्कार.

देवरीजवळ मुंबई-कोलकाता महामार्गावर माझा पानठेला आहे. मंगळवारी साहेब लोक आले. सुटी सिगारेट विकतो म्हणून दोन हजारांची पावती फाडली, जाताना तीन पाकिटंही उचलली. पाकिटांची पावती काही दिली नाही. २०२० पासून राज्यात सुटी विकायला बंदी आहे, कबूल. पण १ फेब्रुवारी २०२६ पासून हजार सिगारेटींमागे २,०५० ते ८,५०० रुपये उत्पादन शुल्क तुम्हीच लावलं, वर ४० टक्के जीएसटी. आता अख्खं पाकीट घेणारा एक ट्रकवाला मला दाखवा.

हे ट्रकवाले जग पाहून येतात. रक्सौलच्या पलीकडं, नेपाळात, स्वस्त मिळते म्हणतात. म्यानमारकडून मिझोराममार्गे येणारी तर त्याहून स्वस्त! तिच्या पाकिटावर ना ८५ टक्के जागेत सडलेल्या घशाचं चित्र, ना तुमचा कर. मागच्या महिन्यात एकानं असली दोन खोकी ठेल्यावर टेकवली, "काका, ठेवा, दोन पैसे सुटतील." मी परत केली. आता वाटतं, मूर्खपणाच केला. अर्धा देश ओलांडून खोकी येतात ती कोणाला दिसत नाहीत, माझ्या बरणीतल्या चार सिगारेटी मात्र जीपमधून दिसतात.

आरोग्यासाठी कर, असं म्हणता. किमतीत ७५ टक्के कर हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते म्हणे. मग बिडीवर १८ टक्केच कसा? माझी माय जन्मभर ठेकेदाराच्या बिड्या वळत खोकत राहिली. बिडीचा धूर काय गंगाजल आहे?

आणि भावाच्या फरकाचं आम्हाला कशाला शिकवता? इथून हाकेच्या अंतरावर छत्तीसगड. तिकडं धानाला क्विंटलमागे ३,१०० रुपये, इकडं २०२५-२६ चा हमीभाव २,३६९. माती तीच, पाऊस तोच. दीड एकर बांधीचे चुकारे अजून अडकलेत. बोनसचं तर विचारूच नका. इथलं धान पलीकडं नेऊन विकावं, तर नाक्यावर लगेच ट्रॅक्टर अडवतात. तिथं नजर बरोबर चालते साहेबांची!

दंड माफ करा असं म्हणणार नाही, तुम्ही करणारही नाही. ती पाकिटं तेवढी परत मिळवून द्या. दोन बंद होती, तिसऱ्यात सात उरल्या होत्या. मोजलेल्या आहेत.

आपला,
एक पानठेलेवाला,
ता. देवरी, जि. गोंदिया