दोघांना शेजारी चालता येईल असा पदपथ हवा

महोदय,

नव्या शहरात राहायला आलेल्या प्रत्येक जोडप्याला माझं आग्रहाचं सांगणं आहे: खोकी उघडायची राहिली तरी चालेल, पण एक अख्खा दिवस काढून पायी भटका. फोन पिशवीतच ठेवा. मेंदू जागांचा नकाशा कसा बनवतो, हे उलगडल्याबद्दल जॉन ओकीफ आणि मोझर दांपत्याला २०१४ चं नोबेल मिळालं. वळणं आपली आपण निवडली की हा नकाशा जास्त पक्का होतो. सतत फोनच्या सांगण्यावरून चाललं की रस्ते डोक्यात तितकेसे राहत नाहीत.

आम्ही दोघं नुकतेच असे फिरलो. हे जुन्या पाट्या वाचत रेंगाळायचे, मी झाडांपाशी. नदीकाठी सावलीत एक बाक मिळाला, पाठ टेकता येणारा, पाण्याकडे तोंड असलेला. तिथे आमच्या इतक्या गप्पा झाल्या की घर हलवण्याच्या गडबडीत तुटलेलं बोलणं पुन्हा सुरू झालं!

पुढे मात्र पदपथावर दुचाक्या लावलेल्या. हे पुढे, मी मागे, आणि बोलायचं तर ओरडून. दोन माणसांना शेजारी चालायला साधारण दीड मीटर मोकळी जागा पुरते. तेवढी तरी मोकळी ठेवा. शिवाय ठरावीक अंतरावर बाक, सावली आणि स्वच्छ स्वच्छतागृह असावं. स्वच्छतागृह नसलं की बायका दुपारीच घरी परततात.

– एक नवी रहिवासी